कुंडमच्या वाट्याचं मशीन

आमच्या कार्यालयात तीन नवे सर्व्हर आले तेव्हा त्यांना हळदकुंकू लावलं गेलं. सिविल लाइंसमधल्या जुन्या बंगल्याच्या मागे, जिथे एकेकाळी कुणा इंग्रज अधिकाऱ्याचे घोडे बांधत, त्या खोलीत जाळीच्या दाराचं काळं कपाट उभं केलं होतं. साहेबांनी फीत कापली. नारळ फोडला. नारळाचं पाणी तारांपासून वीतभर अलीकडे थांबलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी कशासाठी वाजवल्या माहीत नाही, मी पाणी थांबलं म्हणून वाजवल्या. मग नदीवरच्या ग्वारीघाटावरून खास आणवलेला झेंडूचा हार कपाटाला घातला गेला. हार साहेबांच्या हुद्द्याच्या मानाने घेतलेला असल्यामुळे कपाटाच्या मानाने लांब होता. त्याचं टोक सगळ्यात खालच्या, म्हणजे तिसऱ्या मशीनच्या तोंडावर लोंबत होतं.

मी म्हणालो, "सर, इथून मशीन हवा आत ओढतं."

"तो अच्छा है," साहेब म्हणाले, "खुशबू भी जाएगी."

हार काढायला कुणी धजेना. साहेबांनी घातलेला हार साहेबांनीच काढायचा असतो, आणि साहेब परत त्या खोलीत कधी आले नाहीत. झेंडू वाळला, पाकळ्या पंख्यात गेल्या, मशीन तापलं. उन्हाळा संपता संपता तिसऱ्या मशीनची डेटाची डिस्क गेली. मशीन चालू होतं, पानं दाखवत होतं, बोललं तर उत्तर देत होतं; फक्त त्याला दिलेलं काहीही ते जपून ठेवू शकत नव्हतं. त्या कार्यालयात असे बरेच जण होते, पण त्यांच्यामुळे कुणाचं वर्ष वाया जात नव्हतं.

मी तिथे कंत्राटावर होतो. दर वर्षी कंत्राट वाढायचं, म्हणजे दर वर्षी ते न वाढण्याची शक्यता असायची. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर पत्रं लिहायला इकडे आलं. वरच्याला जे म्हणायचं आहे ते चांगल्या अक्षरात लिहून देणं, हा आमचा पिढीजात धंदा. फौज गेली, संस्थानं गेली, इंग्रज गेले. धंदा चालू आहे.

खात्याचं काम नर्सिंग प्रशिक्षणाचे अर्ज घेण्याचं होतं. प्रत्येक तहसिलीला ठराविक जागा राखीव. अर्ज ऑनलाइनच, आणि तोही आपापल्या तहसिलीच्या अधिकृत सेवा केंद्रात जाऊन, अंगठा लावून. खोटे पत्ते देऊन कुणी दुसऱ्याची जागा खाऊ नये म्हणून हा नियम होता. 'घरबसल्या सुविधा' असं त्याचं नाव होतं.

हे अर्ज थेट त्या तीन मशीनांकडे जात नसत. मध्ये एक रिव्हर्स प्रॉक्सी होती, आणि ती मी बसवली होती. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर एक माणूस उभा असतो. भाविक त्याच्याकडे येतात, तो नंबर लावतो, याला या नावेत, त्याला त्या नावेत. भाविकाला नाव निवडायची नसते. प्रॉक्सी म्हणजे तोच माणूस. वेबसाइट उघडणाऱ्याला वाटतं आपण एका जागी आलो. मागे तीन नावा आहेत हे त्याला कळतही नाही. एका नावेवर फार भार पडू नये, एवढंच त्या माणसाचं काम. आणि एक दुसरं: गळकी नाव कुठली हे त्याला माहीत असतं, तिच्यात तो कुणाला बसवत नाही.

माझ्या प्रॉक्सीलाही माहीत होतं. दर काही सेकंदांनी ती प्रत्येक मशीनला एक खोटा अर्ज द्यायची आणि म्हणायची, ठेवून दाखव. पहिल्या दोघांना जमायचं. तिसऱ्याला जमेना तेव्हा तिने त्याच्याकडे माणसं पाठवणं बंद केलं. दोन मशीनांवर काम जरा हळू, पण बिनबोभाट चालू राहिलं. मी नव्या डिस्कसाठी अर्ज टाकला आणि निवांत झालो. माझ्या नोकरीतली ती सर्वांत प्रामाणिक व्यवस्था होती.

पण साहेबांच्या खोलीत भिंतीएवढा पडदा होता, त्यावर तीन मशीनांचे तीन दिवे, आणि तिसरा लाल झाला होता. भोपाळहून वरिष्ठ पाहणीला यायचे होते.

"ये लाल क्यों है?"

मी सांगायला लागलो. डिस्क म्हणालो, पाकळ्या म्हणालो नाही.

"मैंने कारण नहीं पूछा," साहेब म्हणाले. त्यांनी कारणच विचारलं होतं. "लाल नहीं होना चाहिए."

"नई डिस्क मँगवानी पड़ेगी, सर."

"चार महीने पहले उद्घाटन हुआ, और मैं लिखकर दूँ कि मशीन खराब है? आप हरा कीजिए."

हिरवा करायला मला चहा निवण्याइतका वेळ लागला. प्रॉक्सी जो प्रश्न विचारायची तो मी बदलला. आधी विचारायची, अर्ज ठेवून दाखव. आता विचारू लागली, आहेस का? तिसरं मशीन होतंच. ते म्हणालं, आहे. दिवा हिरवा झाला, आणि दर तीन माणसांमागे एक माणूस गळक्या नावेत बसू लागला.

इथवर पाप तिघांत एक असं सगळ्यांत सारखं वाटलेलं होतं. पानं उघडता उघडता माणूस एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा, एकदा फसला तर दुसऱ्यांदा सुटायचा. पण साहेबांना ते स्वतःच्या कंप्यूटरवर दिसलं. त्यांना मध्येच पुन्हा लॉगिन मागितलं गेलं, आणि त्यांनी मला बोलावून विचारलं की या कार्यालयात त्यांना कोण ओळखत नाही. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एका ओळीत लिहिलं की साहेबांच्या खोलीतून आलेली प्रत्येक विनंती पहिल्या, सर्वांत चांगल्या मशीनकडेच जाईल. आणि बाकी जगासाठी लिहिलं की एका पत्त्यावरून येणारा नेहमी एकाच मशीनकडे जाईल. पत्ता म्हणजे घराचा नव्हे, इंटरनेट जोडणीचा. कुणाला कुठलं मशीन, हे त्या पत्त्याच्या आकड्यांवरून ठरायचं. यात कुणाचा हात नसतो. अन्याय नेमका अशाच जागी करावा.

बडे बाबूंनी दोन्ही बदलांवर सही केली. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, आमच्यातलेच, मराठी. माझ्या वडिलांबरोबर गणपतीची वर्गणी गोळा केलेले. त्यांना प्रॉक्सी काय ते कळत नव्हतं, पण सही कुठे करायची नाही हे फार चांगलं कळत होतं.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना ती आली.

पस्तिशीच्या आतबाहेरची बाई. कुंडमहून बसने आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या फाइलीत कागद. गेली नऊ वर्षं कुंडमच्या आसपासच्या गावांत आशा कार्यकर्ती म्हणून हिंडत होती. जंगलातल्या वस्त्यांवर बाळंतिणींच्या घरी जायचं, पोरांची वजनं करायची. प्रशिक्षण मिळालं तर पक्की नोकरी. आणि वयाची अट या वर्षी तिला शेवटची बसत होती. पुढच्या वर्षी तिच्या अर्जाला वयच नाकारणार होतं. हे तिने पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं, रडून नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

साहेबांनी तिला आत घेतलं. ते जनतेला भेटत असत. बुधवारी.

"साइट नहीं चलती?" त्यांनी मोठ्या पडद्यावर साइट उघडली. बटण दाबल्याबरोबर उघडली. "ये क्या है फिर?"

"साहब, हमारे यहाँ फॉर्म जमा करो तो गोल-गोल घूमता है."

"बहनजी, मेरे सामने चल रही है."

"तो यहीं से भर दूँ, साहब?"

"यहाँ से नियम नहीं है." साहेब हसले. त्यांच्या हसण्यात लोककल्याण होतं. "सुविधा आपके द्वार पर दी है, और आप हमारे द्वार पर आ रही हैं."

बडे बाबू हसले. मीही हसलो असणार, कारण मी तिथे होतो.

थोड्या वेळाने ती माझ्या खोलीच्या दारात उभी होती. दारावरची पाटी तिने वाचली होती.

"भाऊ, तुम्ही मराठी ना?"

"हो. या."

"मग मले खरं सांगा. आमच्या केंद्रात दहा जणी बसून राहिलो चार दिवसांपासून. एकीचाही अर्ज जात नाही. इथं साहेबांच्या इथं टचकन उघडते. काहून?"

तिचा सासरा वनखात्यात होता, भंडाऱ्याकडून आलेला, म्हणून कुंडम. मी तिला बसायला खुर्ची दिली आणि लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रॉक्सीची रोजनिशी. कोण कधी आलं, कुठल्या मशीनकडे गेलं, सगळं त्यात असतं. कुंडमचं सेवा केंद्र एका जोडणीवर चालत होतं. म्हणजे पत्ता एक. आणि तो पत्ता मी लिहिलेल्या नियमाने तिसऱ्या मशीनच्या वाट्याला आला होता. दहा जणी असोत की शंभर. अख्खी तहसील.

अर्जाआधीची नोंदणी मात्र तिची झालेली होती, महिन्यापूर्वीच. तेव्हा दिवा लाल होता.

मी तिला घाटावरच्या नावा सांगितल्या. तिला एकदाच सांगावं लागलं. साहेबांना तीनदा सांगून झालं होतं.

"म्हणजे फुटकी नाव आमच्या वाट्याला," ती म्हणाली.

"हो."

"अन् नंबर लावणाऱ्याले माहीत आहे फुटकी आहे म्हणून?"

"आधी माहीत होतं."

ती पिशवी उचलून उभी राहिली. मग म्हणाली, "सुधरते का, पण?"

"सुधरतं. बघतो मी."

ते 'बघतो' तिने पिशवीत घालून नेलं. साडेतीनची बस होती.

खरं तर साहेबांसाठी लिहिली होती तसलीच एक ओळ कुंडमसाठी लिहायची होती, की या पत्त्याला दुसऱ्या मशीनकडे पाठव. दिवे तिन्ही हिरवेच राहिले असते. पण साहेबांचा हुकूम होता की भोपाळची पाहणी होईपर्यंत कुठलाही बदल बडे बाबूंच्या सहीशिवाय नको. मी कागद घेऊन गेलो.

बडे बाबू पान लावत होते. "कुंडमला स्पेशल लाइन? काहून? कलेक्टर राहायला गेला का तिथं?"

"तिथले अर्ज जात नाहीयेत, बाबूजी. एकही नाही."

"ते बाईनं सांगितलं तुले?" त्यांनी पान तोंडात टाकलं. "आडनाव काय तिचं?"

मी सांगितलं.

"अच्छा," बडे बाबू म्हणाले.

ते 'अच्छा' मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या घरात, आमच्या ओळखीच्यांच्या घरात, कुणाचं आडनाव कळल्यावर ते असंच दोन अक्षरांत उच्चारलं जातं, आणि त्यानंतर पाहुण्याचा चहा दुसऱ्या कपात येतो. कुणी काही वाईट बोलत नाही. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत.

"आता पहा," बडे बाबू समजुतीने म्हणाले, "उद्या विचारतीन, कुंडमलाच काहून? मग ते तुझं गळकं मशीन निघन बाहेर. मग हार निघन. मग साहेब. तुझं कंत्राट याच महिन्यात आहे ना बे?"

"याच महिन्यात."

"मग चलो, बस शांत."

ती ओळ लिहायला मला हिंमत लागली नसती, पासवर्ड माझ्याकडेच होता. सहीशिवाय लिहिली असती तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि शांत बसलो. त्यात मी वाकबगार आहे.

शेवटच्या दिवशी मुदत संध्याकाळी पाचची. भोपाळचे वरिष्ठ दुपारी आले, पडद्यासमोर उभे राहिले, तीन हिरवे दिवे पाहिले. त्यांना काजू दिले. मी माझ्या खोलीत लॉग उघडून बसलो होतो. कुंडम, तिसरं मशीन. कुंडम, तिसरं मशीन. दर दोन-तीन मिनिटांनी एक ओळ. जमा करा, वाट बघा, वेळ संपली. जमा करा, वाट बघा. चार वाजल्यानंतर ओळी दाट यायला लागल्या. माणसं घाईत बटण जोरात दाबतात, पण लॉगमध्ये तो जोर उमटत नाही. शेजारच्या खोलीतून वरिष्ठ म्हणताना ऐकू आलं, "वेरी स्मूथ." पाच वाजता मी बसवलेल्या नियमाने अर्ज घेणं आपोआप बंद झालं. ते मात्र तिन्ही मशीनांवर बरोबर झालं.

आठवड्याने ती अपील घेऊन आली. अपिलाची सुनावणी साहेबच करत, म्हणजे साहेबांविरुद्धची तक्रार साहेब ऐकत, आणि निष्पक्षपणासाठी बडे बाबू टिपणं घेत. मला तांत्रिक तज्ज्ञ म्हणून बोलावलं. माझ्या आयुष्यात मला तज्ज्ञ म्हटलं गेलं ते तेवढंच.

ती उभी होती. खुर्च्या होत्या. तिला कुणी बसा म्हटलं नाही, मीही नाही.

बडे बाबूंनी वाचून दाखवलं, "कुंडम से आवेदन, शून्य. कुंडम से शिकायत, शून्य."

"देखिए," साहेब म्हणाले, "एक शिकायत नहीं. सब जगह से आती है, कुंडम से नहीं आई."

तक्रारीचं पान त्याच वेबसाइटवर होतं. कुंडमच्या तक्रारीही तिसरं मशीनच घेत होतं, आणि विसरत होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आप बताइए. साइट बंद थी क्या?"

"नहीं सर," मी म्हणालो. "एक मिनट भी बंद नहीं रही."

हे शब्दशः खरं होतं. प्रॉक्सी एक क्षणही बंद नव्हती. एवढं निर्दोष वाक्य रचायला पिढ्या लागतात.

ती माझ्याकडे वळली आणि मराठीत, हळू, जवळजवळ अदबीने म्हणाली, "भाऊ, फुटकी नाव आमच्याकडं आली म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना? तेवढंच सांगा साहेबांले. मी तुमचं नाव नाही घेत."

"क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं.

खोलीत मराठी कळणारे तिघे होतो. बडे बाबू टिपणवहीत बघत होते.

"कह रही हैं," मी म्हणालो, "कि इनके यहाँ नेट धीमा है."

ती नऊ वर्षं कुंडमच्या वस्त्यांमध्ये हिंदीतच बोलत आली होती. तिला माझ्याहून चांगली हिंदी येत होती. मराठी तिने माझ्यासाठी वापरली होती, मला पाठीमागच्या दाराने खरं बोलता यावं म्हणून. हे मला माझं वाक्य पूर्ण होता होता कळलं. ती साहेबांकडे वळली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "साहब, मैंने ये नहीं कहा. मैंने कहा, आपकी तीसरी मशीन मरी पड़ी है. इनको मालूम है."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तीन दिवे, तिन्ही हिरवे. ते इतके प्रेमळपणे हसले की मला वाटलं आता तिला चहा सांगतात.

"बहनजी, तीनों ज़िंदा हैं. आप ही देख लीजिए."

तिने पाहिलं. मग फाइल पिशवीत घातली. जाताना ती मला काही बोलली नाही. काही बोलली असती तर मला ते आज लिहिता आलं असतं.

निकालाचा मसुदा मी केला. बडे बाबू म्हणाले, "तुझी भाषा चांगली आहे." अपील फेटाळण्यात येत आहे, तांत्रिक त्रुटी आढळली नाही. मागणी नसल्यामुळे कुंडमच्या जागा दुसऱ्या तहसिलीला वळवण्याची शिफारस वेगळ्या परिच्छेदात. माझं कंत्राट त्याच शुक्रवारी वाढलं.

सोमवारी मी तिसऱ्या मशीनच्या ओळीपुढे एक खूण टाकली आणि प्रॉक्सीने त्याला वगळलं. एका अक्षराचं काम. आता पाहणी झाली होती, पडदा बंद असायचा, बडे बाबूंनी न वाचता सही केली. "आता कर काय करायचं ते," ते म्हणाले. कपाटातून हार मीच काढला. तो हाताला लागताच भुगा झाला.

सगळं नीट चालतं का बघायला मी लॉग उघडून ठेवला होता. अकराच्या सुमाराला कुंडमचा पत्ता आला. सोबत नोंदणी क्रमांक होता, तो मी अपिलावर पाहिलेला होता. तो या वेळी पहिल्या मशीनकडे गेला, साहेबांच्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडलं. पानावर एकच ओळ होती, अर्ज करण्याची मुदत संपली आहे.

अर्ध्या मिनिटाने त्याच क्रमांकाने ते पान परत उघडलं. मग परत एकदा. तिन्ही वेळा टचकन उघडलं.